साखरेच्या पाण्याचा पहिला घोट

आधीच सांगते, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणाऱ्यांतली नाही. सासूबाई दृष्ट काढायच्या तेव्हा मी मिरच्या फुकट गेल्या म्हणून हळहळायचे. तरी हे लिहितेय... कारण एका प्रश्नाचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही.

ऐंशीच्या दशकाची अखेर. यांची सांगलीहून चंदीगडला बदली झाली होती, सेक्टर सत्तावीसमध्ये सरकारी क्वार्टर. पंजाब पेटलेला. चौकाचौकात नाके, वाळूची पोती, बंदुका. त्यात यांना तरुणपणापासून डायबेटिस, रोज इन्सुलिन.

पूर्वी साखर उतरली की यांना दरदरून घाम यायचा, हात थरथरायचे, ओठांना मुंग्या यायच्या. मग लगेच साखर तोंडात टाकायचे. गेल्या वर्षभरात ते सगळं बंद झालं होतं. मला वाटलं, बरं झालं! सेक्टर सोळाच्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाईंनी तो आनंद तिथल्या तिथे संपवला. म्हणाल्या, साखर उतरली की मेंदू शरीराला हाक मारतो; ती पुन्हापुन्हा उतरत राहिली की मेंदूला सवय होते आणि तो गप्प बसतो. मग माणूस काही न कळता एकदम बरळायला लागतो, नाहीतर कोसळतो.

जानेवारीतली सकाळ. यांनी इंजेक्शन घेतलं आणि तेवढ्यात शेजारच्या सरदारनीनं कुंपणावरून सांगितलं, "भैणजी, करफ्यू लग्गण वाला ए. दुध मंगवा लो." हे स्कूटरकडे निघालेच.

"अहो, आधी रात्रीची पोळी तरी खा."

"दहा मिनिटांत येतो, नलू. तव्यावरची गरम खाईन."

अर्धा तास झाला, पत्ता नाही. मी कणीक मळत होते आणि अचानक मानेवरून घामाची धार लागली. हात थरथरायला लागले. ओठांना मुंग्या... मी तर पोटभर खाल्लेलं होतं! आणि मला कळलं – कसं ते विचारू नका – की हे माझं नाही, यांचं आहे. बाटलीत साखर-पाणी ढवळलं आणि तशीच धावले.

मार्केटच्या अलीकडे नाका होता. हे स्कूटरवर बसलेले, एक हात जॅकेटच्या खिशात. समोर जवान, बंदूक थेट यांच्या छातीवर. "हाथ बाहर निकाल. आखिरी बार बोल रहा हूँ." हे त्याच्याकडे बघून हसत होते, घरी पाहुणा आल्यासारखे. कपाळावर घामाचा टिपूससुद्धा नाही.

"भाईसाहब, शुगर के मरीज हैं. इनको समझ नहीं आ रहा. ये पिला दूँ, बस."

बंदूक माझ्याकडे वळली. "वहीं रुको. इतनी ठंड में पसीना? बोतल में क्या है?"

"चीनी का पानी."

"पहले खुद पियो."

मी प्यायले. एक घोट, दोन घोट, जवळजवळ अर्धी बाटली. थरथर तसूभरही कमी झाली नाही, उलट दात वाजायला लागले. आणि तो माझ्या हातांकडेच बघत होता. यांचा खिशातला हात जरा जरी हलला असता तर सगळं संपलं असतं. इतकी मी आयुष्यात कधी घाबरले नाही. शेवटी त्यानं मान हलवली. दुसऱ्या जवानानं यांचा हात धरून हळूच बाहेर काढला. मुठीत दुधाची रिकामी पिशवी होती.

मी बाटली यांच्या तोंडाला लावली. पाच-सात मिनिटं गेली असतील... आणि माझे हात थांबले. बटण बंद करावं तसे, एकदम. मी वर बघितलं तेव्हा हे म्हणत होते, "नलू, तू इथे काय करतेस?"

जवान हळू आवाजात म्हणाला, "ले जाइए, बहनजी."

डॉक्टरीणबाईंनी माझी साखर तपासली, अगदी नॉर्मल. म्हणाल्या, घबराहट. मी विचारलं, घाबरण्यासारखं काही कळायच्या आधीच? त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली. हे मात्र लोकांना सांगायचे, "माझं मीटर हिच्याकडे बसवलंय." नंतरही तीन-चारदा तसंच झालं, आणि प्रत्येक वेळी ते खरं निघालं.

रिटायर होऊन आम्ही पुण्याला आलो. तिथेच एका दुपारी हे झोपेत गेले. साखर उतरून, असं डॉक्टर म्हणाले. मी शेजारच्या खोलीत मटार सोलत होते. घाम नाही, थरथर नाही. सगळे मटार सोलून झाले आणि मग यांना चहाला उठवायला गेले.

नाक्यावर काय झालं, मला माहीत नाही. कुणी समजावलं नाही तरी चालेल. पण त्या दुपारी मला काहीच का झालं नाही, एवढं कुणीतरी सांगा.