फैफाच्या डोंगरावरचा गडगा

कॅम्पच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी माझ्या साखरेचा रिपोर्ट बघितला आणि गोळी वाढवण्याआधी विचारलं, "रोज चालता का?" मी हो म्हणालो. सौदीत जिझानजवळच्या एका प्रकल्पावर मी पाइप फिटर आहे, दिवसभर चालणंच असतं. ते म्हणाले, "ते काम झालं. मी चालण्याबद्दल विचारतोय."

पण कॅम्पभोवती चालावं असं काहीच नाही. किनाऱ्याची सपाट जमीन, अंगाला चिकटणारा दमट उकाडा आणि कुंपणालगत ट्रकचा रस्ता. आमच्याकडे स्वातचा एक पाकिस्तानी ड्रायव्हर होता, डोंगरात वाढलेला. सपाटीवर त्याचा जीव रमत नसे. दोन आठवड्यांतून एका शुक्रवारी तो स्वतःची जुनी गाडी काढून फैफाच्या डोंगरावर जायचा. तिथे त्याच्या गावच्या माणसाचं चहाचं दुकान होतं. "भाई, मेरे साथ चलो," तो म्हणाला. "मैं चाय पीऊँगा, तुम चलना."

वळणावळणाचा घाट चढून गाडीतून उतरलो, तर अंगाला गार वारा लागला. तेरा वर्षं या देशात राहून मला तो माहीत नव्हता. समोरच्या उतारावर माथ्यापासून दरीपर्यंत शेताच्या अरुंद पायऱ्या होत्या, प्रत्येक पायरी दगडी बांधाने धरून ठेवलेली. मध्येच बुरुजासारखी गोल, उंच दगडी घरं. कुठे ज्वारीची ताटं, कुठे कॉफीची झाडं. दरीतून धुकं वर यायचं, घरं झाकायचं आणि थोड्या वेळाने परत द्यायचं. मी दुकानामागच्या पायवाटेने चढायला लागलो. कुठे दगडात कोरल्यासारख्या पायऱ्या, कुठे नुसती घसरण. पाऊण तासात अशी धाप लागली की मी एका ढासळलेल्या बांधापाशी मुकाट्याने बसलो.

तिथे एक वयस्क गृहस्थ एकटेच दगड रचत होते. कमरेला लुंगी, डोक्याभोवती रानफुलांची आणि सुवासिक पानांची माळ. त्या डोंगरात पुरुष अशी माळ घालतात. त्यांनी मान हलवून सलाम केला आणि पुन्हा कामाला लागले. मी बघत बसलो आणि मला ते बघवेना. दगडावर दगड चढत होता, पण सांध्याच्या बरोबर वर सांधा येत होता. अशी रचाई उभी फाटते.

कोकणात माती-चुन्याशिवाय नुसत्या दगडांनी रचलेल्या कुंपणाला गडगा म्हणतात. माझे वडील गावातल्या लोकांचे गडगे घालायचे. उन्हाळ्याच्या सुट्टीत मलाही न्यायचे. बोटं चेंगरायची, नखं काळी पडायची. दहावीनंतर मी आयटीआयला गेलो, तो पुन्हा दगडाला हात लावायचा नाही असं ठरवूनच.  तेव्हापासून बाबांचं आणि माझं बोलणं कमीच होत गेलं.

"हाज," मी म्हणालो. तिथे वडीलधाऱ्यांना अशीच हाक मारतात. सांध्यावर बोट ठेवून मी हातानेच दाखवलं की इथे मधोमध एक मोठा दगड यायला हवा.

"ला, ला," ते म्हणाले आणि हात झटकला. मी उठून पुढे गेलो.

परत येताना पाहिलं, तर तेवढाच भाग खाली बसला होता. ते त्याच्यासमोर मांडी घालून बसले होते. मी शेजारी बसलो, दोन मोठे दगड बाजूला काढले आणि तळापासून रचायला लागलो. त्यांनी मला अडवलं नाही. दगड कसा फिरवायचा, त्याची बसायची बाजू कुठली, हे सगळं हातांना आठवत होतं. माझं मलाच नवल वाटलं.

दगड देता देता ते बोलायला लागले. माझं अरबी कामापुरतं, पण ते सावकाश बोलत. तीस वर्षं त्यांनी जेद्दाहला एका कचेरीत कारकुनी केली होती आणि निवृत्तीनंतर वडिलांच्या जमिनीवर परत आले होते. "हे सगळे बांध वडिलांनी हातांनी घातले," ते म्हणाले. "मी बघितलं. शिकलो मात्र नाही."

"मी शिकलो," मी म्हणालो, "पण पळून गेलो." ते हसले, आणि त्या दिवसापासून मला सदीक, म्हणजे दोस्त, म्हणायला लागले.

पुढच्या खेपेला माझी चूक निघाली. बाबा करायचे तसं मी फटींमध्ये बारीक चिपा आणि चिखल भरून बांध गच्च केला होता. हाजनी एकेक चीप उपसून काढायला सुरुवात केली. मला राग आला. त्यांनी डबाभर पाणी बांधाच्या मागे ओतलं आणि म्हणाले, "बघ." पाणी मागेच साचलं, माती फुगली, वरचा दगड हलला. वडिलांची एवढी एक गोष्ट त्यांच्या लक्षात राहिली होती. आमचा गडगा गुरं अडवतो. त्यांचा बांध माती धरतो, त्यामुळे त्याला पाणी सोडून द्यावं लागतं. मी उरलेल्या चिपा काढल्या.

चौथ्या शुक्रवारी बांध कमरेइतका झाला. वर रेंज चांगली होती. मी घरी व्हिडिओ कॉल लावला. बाबा फोनवर कधी दोन वाक्यांपलीकडे जात नाहीत. "बरा आहेस ना? मग ठेवतो." मी घाईने कॅमेरा बांधाकडे फिरवला.

बाबा फोनच्या जवळ सरकले. मग म्हणाले, "फोन खाली घे. पायाचे दगड दाखव."

मी वाकून दाखवले.

"डावीकडून तिसरा उताणा बसलाय. काढ तो."

"बाबा, वरचे चार थर उतरवावे लागतील."

"मग उतरव."

हाजनी विचारलं, काय म्हणतात? मी सांगितलं. त्यांनी फोन हातात घेतला, छातीवर हात ठेवून बाबांना सलाम केला. बाबांनी हात जोडले आणि सरळ मराठीतच विचारलं, "माती तांबडी की काळी?" काय विचारलं असेल ते हाजना कसं कळलं कोण जाणे, पण त्यांनी मूठभर माती उचलून कॅमेऱ्यासमोर धरली. बाबांनी चष्मा लावून ती नीट पाहिली.

आम्ही चार थर उतरवले. तेव्हापासून शुक्रवारी बाबांचाच फोन यायला लागला, आणि तो दोन वाक्यांत संपत नसे.

मग डोंगरावर दोन दिवस जोराचा पाऊस झाला. आम्ही गेलो तेव्हा हाज वाटेवरच उभे होते. बांध उभा होता. फक्त मी रचलेला एक कोपरा ढासळला होता. तो आम्ही पुन्हा उभा केला आणि त्या पायरीत कॉफीची रोपं लावली. माझी साखरही एव्हाना खाली आली होती. पाऊण तासाची चढण मी न बसता चढायला लागलो होतो.

गेल्या महिन्यात आम्ही दोघं पहिल्यांदाच माथ्यापर्यंत गेलो. हाज काठी टेकत, मी त्यांच्या मागे. ढग आमच्या खाली होते आणि त्यांच्या फटींतून हिरव्या पायऱ्या दिसत होत्या. हाजनी काठीने एक पडका बांध दाखवला.

"तो माझ्या भावाचा. रियाधला असतो. या ईदला येतोय, राहायलाच. त्याला शिकवशील?"

"ईदला मी घरी असेन. महिनाभर सुट्टी आहे."

त्यांनी थोडा विचार केला. "मग वडिलांकडून कोपरा नीट शिकून ये."

मी बाबांना तसं सांगितलं. ते म्हणाले, "परसात दगड काढून ठेवतो."