जिनोआतलं जेवण आणि आत्या

माझा जीव वाचवल्याबद्दल आत्याने स्वतःला कित्येक वर्षं माफ केलं नाही.

आज सकाळी लातूरच्या घरी ती वारली.

भूकंपात माझी आई, वडील आणि मोठी बहीण सोनी, तिघंही गेली. किल्लारीजवळ आमचं गाव. मी दीड वर्षाचा, सोनी चार वर्षांची. आत्या लातूरला शाळेत बाई होती, गणपतीसाठी भावाकडे आली होती. ती मला घेऊन बाहेर पडली.

मला एवढंच माहीत होतं. जास्त विचारलं की ती पोळ्या लाटायला बसायची.

मला घेऊन ती लातूरला आली. लग्न केलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायची, "मला पोरगं हाय की."

पुढे लातुरात क्लासेसचं पीक आलं. आत्याने घरावर दोन खोल्या चढवल्या आणि डॉक्टर व्हायला आलेल्या पोरी ठेवल्या. किनवटच्या, जळकोटच्या. वर पत्रा. स्लॅब टाकायचा नाही म्हणजे नाही. आणि दारापुढे बॅग दिसली की संपलंच.

पोरी मागे तिला हवालदार म्हणायच्या.

मी इंजिनिअर झालो. इटलीत जिनोआला जहाजदुरुस्तीच्या कंपनीत लागलो. चार वर्षांपूर्वी लई विनवण्या करून आत्याला थोड्या दिवसांसाठी इकडे आणली.

एका रविवारी दुपारी मी, माझी बायको शीतल, आमची लेक इरा आणि आत्या बंदराजवळच्या एका साध्या खानावळीत जेवायला गेलो. टेबलावर कापडाऐवजी कागद. बादलीभर शिंपले. शेजारच्या टेबलावर ऑक्टोपस.

आत्याने तो बराच वेळ बघितला.

"ह्याला डोकं कुठं, शेपूट कुठं? मला आपली साधी मासळी सांग बाबा."

मालकीणबाईंनी तळलेल्या बारक्या मासळीचा ढीग आणून ठेवला. आत्याने लिंबू पिळलं, एक मासा खाल्ला, आणि पर्समधून काळ्या तिखटाची पुडी काढली.

"मीठ हाय, तिखटच न्हाई. पण ताजी हाय हां."

मालकीणबाईंनाही तिने चिमूटभर चाखायला लावलं. त्या खोकून खोकून लाल झाल्या आणि हसत सुटल्या. आत्या पण. मी तिला इतकं मोकळं हसताना फार कमी बघितलंय.

तेवढ्यात बाहेरून कंटेनरचा ट्रेलर गेला.

इमारत जुनी. ग्लास किणकिणले, वरचा दिवा हलला. तिथल्या लोकांना ते रोजचंच. कुणी मान वर केली नाही.

आत्याने केली.

खुर्ची पडली. ताट पडलं. काही कळायच्या आत इराला काखेत मारून आत्या दाराबाहेर होती.

गुडघ्यांमुळे आमचा जिना ती बसत बसत चढायची. ती आत्या.

मी धावलो. समोरच्या मोकळ्या चौकात, मधोमध, ती फरशीवर बसली होती. इराला पोटाशी धरून, वरून स्वतः वाकून.

"आत्या, ट्रक होता. नुसता ट्रक."

"व्हय?"

"हो. काही झालं नाही."

तिने हात सैल सोडायला वेळ लावला. मग माझ्याकडे न बघताच बोलली.

"सोनी पलीकडं निजली होती. भिंतीकडं. तू अलीकडं. मी तुला उचललं रे."

मी तिच्याशेजारी फरशीवर बसलो.

"तिच्यासाठी मागं फिरले. तवर घरच न्हवतं."

मी तिचा हात धरला. "आत्या, बघ माझ्याकडे. मी आहे ना."

"हायस की. म्हणून तर ती दिसती. तू दहावी झालास, तवा ती कॉलेजात दिसली. तुझ्या लग्नात वाटलं, हिचं आधी झालं असतं."

माझ्या प्रत्येक पेढ्याच्या वेळी आत्या उठून आत जायची. मला वाटायचं, आनंदाने डोळे भरले असतील.

मालकीणबाईंनी काही विचारलं नाही. नवऱ्याला हाक मारली. दोघांनी टेबल उचलून चौकात आणलं, खुर्च्या आणल्या, मासळीचं नवीन ताट आणलं. आत्याला धरून बसवलं आणि पाणी दिलं. त्या थोडा वेळ तिच्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

इराचं कोपर खरचटलं होतं, पण ती जाम खूश होती.

"आजी, तू मला एकटीलाच का उचललं? आईबाबांना का नाही?"

"इरा!" शीतल ओरडली.

आत्या तिच्यासाठी मासळीचा काटा काढत होती. सहज म्हणाली,

"आगं, हात तर दोनच हायेत मला. जे हाताशी आलं ते उचललं."

आणि थांबली.

काटा तसाच बोटांत. तिने वर बघितलं, माझ्याकडे. मी होकाराची मान हलवली.

"व्हय की रे," ती म्हणाली. अगदी हळू.

मग ती रडली. चौकात, लोकांसमोर, तोंडाला पदरही न लावता. रडून झाल्यावर डोळे पुसले आणि ताट संपवलं.

त्यानंतर ती सोनीबद्दल बोलायला लागली. फोनवर, थोडं थोडं. सोनी गूळ चोरून खायची. मला "माझं बाळ" म्हणायची, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाही. एकदा माझा पाय धरून मला ओसरीभर ओढलं होतं.

या चार वर्षांत मला बहीण मिळाली.

वरच्या खोल्यांतल्या पोरी आज क्लासला गेल्या नाहीत. सकाळपासून तिच्याजवळ बसून आहेत. एकीने फोन केला, "दादा, तुम्ही सावकाश या, आम्ही हाव इथं."

मी विमानतळावर बसून हे लिहितोय. उद्या पोचेन.

आत्या, तू केलंस ते बरोबर होतं. प्रत्येक फोनच्या शेवटी सांगायचो, आज इथे सगळ्यांसमोर सांगतो.

आता पळायचं नाही.

कायबी हलत न्हाई. शांत नीज.