पाहुण्यांचा कॅन

जुन्या फवारणीचं विष विहिरीत अजून टिकलंय का, ते तपासायला आम्ही बार्शीटाकळीकडच्या गावांतून पाणी गोळा करत होतो. एका काकूंना सकाळी बाटली दिली, विहिरीचं पाणी भरा म्हणालो. दुपारी पाहतो तर बाटली भरलेली आणि तिच्या शेजारी विकतच्या पाण्याचा कॅन उघडा.

"काकू, कॅनचं भरलं?"

"मंग! अकोल्याच्या सायबायले विहिरीचं गढूळ पाणी पाठवू? गावाची इज्जत हाय का नाई?"

मी कपाळावर हात मारला. इज्जतीपायी अहवाल स्वच्छ येणार होता!

दारात काकूंची सून उभी होती, दिवस भरत आलेले.

"अन् तुमची ही गरोदर सून कोणतं पिते?"

"विहिरीचंच. कॅन पाहुण्यायसाठी हाय."

मी बाटली ओतून टाकली, सुनेच्या माठातून भरली आणि कॅन उचलून तिच्यापुढे ठेवला.

"पाहुणा म्हणून सांगतो काकू, हा आता हिचा."