पावणेसहा मिनिटं

"भाऊ, ज़रा बॅग पकड लेना."

छोटे शेठ एवढंच म्हणाले आणि माझ्या हातात पाच बॅगा आल्या. त्यांची एक, त्यांच्या मित्रांच्या चार. एक्झिक्युटिव्ह एमबीएच्या वर्गाचा तो पहिला शनिवार. संस्थेच्या पायऱ्यांवर बॅचचा फोटो निघणार होता. त्या बॅचमध्ये मीही होतो. एकतीस जणांच्या यादीत माझा नंबर सतरावा, फी भरल्याची पावती खिशात. फोटोग्राफरने माणसं मोजली. तीस भरली. "एक कम है," तो म्हणाला. माझ्याकडे कोणी पाहिलं नाही. छोटे शेठ म्हणाले, "चलेगा." फोटो निघाला.

बॅगा खाली ठेवता आल्या असत्या. फरशी स्वच्छ होती. मी ठेवल्या नाहीत. वय सेहेचाळीस, आणि मी पाच बॅगा घेऊन उभा होतो, फोटो संपेपर्यंत.

छोटे शेठ म्हणजे आमच्या मालकांचा मुलगा. पलसाण्याला हायवेलगत आमची डाइंग-प्रिंटिंगची मिल आहे. 'आमची' म्हणायची सवय एकोणीस वर्षांची. वडील अमळनेरहून उधन्याला आले आणि लूमवर उभे राहिले. मी बी.कॉम. झालो आणि टेबलावर बसलो. मिलमध्ये मी प्लॅनिंग बघतो. कुठला माल कुठल्या मशीनवर, किती वाजता, किती माणसांनी. सुरतेत आम्हा मराठी लोकांना सगळेच भाऊ म्हणतात. आपल्या माणसाच्या तोंडी तो मान असतो. मालकांच्या केबिनमध्ये तो हुद्दा असतो, आणि तो फार खालचा असतो.

कोर्सला जावं की नाही, याचा मी महिनाभर विचार केला होता. वहीत दोन बाजू मांडल्या होत्या. अर्धी फी कंपनीची, अर्धी माझी. बदल्यात तीन वर्षं कंपनी सोडायची नाही, असा लेखी करार. दोन वर्षांचे शनिवार-रविवार जाणार. मुलीचं बारावीचं वर्ष त्यातच. समोरच्या बाजूला मॅनेजरपदाची शक्यता, जी कुणी लिहून दिली नव्हती. दोन्ही बाजू जवळजवळ सारख्या येत होत्या.

बायको मराठी शाळेत शिकवते. तिने वही वाचली आणि विचारलं, "अहो, पण त्यांना तुम्हाला का शिकवायचंय?"

मी म्हणालो, एकोणीस वर्षं इमानाने काढली म्हणून. तिने वही मिटून माझ्यापुढे ठेवली. मला राग आला. तिचा प्रश्न मी वहीत कुठल्याच बाजूला मांडला नाही.

शिक्षण वाईट होतं असं मी म्हणणार नाही. खोटं कशाला सांगू? ज्या गोष्टी मी अंदाजाने करत होतो, त्यांना नावं मिळाली, रीत मिळाली. मास्तर चांगले होते. वर्गात मी पुढच्या बाकावर बसायचो आणि घरी येऊन मुलीच्या शेजारी अभ्यासाला बसायचो. ती हसायची. म्हणायची, पप्पा, तुम्ही नापास झालात तर मी सही करीन तुमच्या प्रगतिपुस्तकावर.

दुसऱ्या वर्षी प्रोजेक्ट आला. आपापल्या कंपनीतल्या एका खात्याचा अभ्यास करायचा. विषय मी निवडला नाही, केबिनमधून आला. फोल्डिंग खातं. तिथे तयार कापड तपासतात, घड्या घालतात, तागे बांधतात. बेचाळीस माणसं, बहुतेक बाया, जवळजवळ सगळी खानदेशची. एका ताग्याला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून मोजायचं. रिपोर्टवर दोघांची नावं. छोटे शेठ आणि मी. मोजणार मी.

एकोणीस वर्षांत मी त्या खात्यात रोज गेलोय. ताग्याला नऊ मिनिटं लागतात. मला ते पाठ आहे, त्यावरच माझं सगळं प्लॅनिंग चालतं.

मी तीन दिवस हातात घड्याळ घेऊन उभा राहिलो. पहिल्याच दिवशी वेग वेगळा दिसला. कोणी पाण्याला उठत नव्हतं. कोणी बोलत नव्हतं. सुमनआक्का तिथली सगळ्यांत जुनी. आमच्याच भागातली, माझ्या आईला ओळखणारी. एरवी तिचं तोंड हातांपेक्षा जास्त चालतं. त्या दिवशी ती वर बघतही नव्हती. मी हसून म्हणालो, आक्का, दम खा जरा.

ती म्हणाली, "भाऊ, तुनी परीक्षा शे ना? मंग आमले बी पास व्हनं शे."

सगळ्या हसल्या. मीही हसलो. अभिमान वाटला मला. आपल्यातला एक एमबीए होतोय म्हणून माझी माणसं धावतायत. मी घड्याळ बघत राहिलो आणि आकडे लिहीत राहिलो. तीन दिवसांची सरासरी आली पावणेसहा मिनिटं.

इथे माझी चूक आहे आणि ती मी कमी करून सांगणार नाही. वर्गात शिकवलं होतं की माणूस नेहमीच्या वेगाने काम करतोय का, ते आधी ठरवायचं. घाईत असेल तर तशी दुरुस्ती करायची. थकव्याचा, पाण्याचा वेळ वर धरायचा. मला हे येत होतं. तरी मी कच्चे आकडेच छोट्या शेठना दिले. वाटलं, दुरुस्ती नंतर करू. आकडे चांगले दिसत होते. माझ्या माणसांचे होते.

दुसऱ्या दिवशी फोल्डिंग खात्यात दोन अनोळखी माणसं टेप घेऊन जमीन मोजत होती. एकाने खडूने फरशीवर लांब चौकोन काढला. चौकोनात सहा टेबलं येत होती. मी विचारलं, हे काय? तो म्हणाला, घड्या घालायचं मशीन येणार आहे. बाया त्या खडूच्या रेषेवरून ये-जा करत होत्या. पाय पडून रेष पुसली, तेव्हा त्याने ती पुन्हा काढली, या वेळी रंगाने.

माझा रिपोर्ट अजून लिहिलाही नव्हता.

गुरुवारी केबिनमध्ये बोलावणं आलं. छोट्या शेठनी माझाच कागद पुढे सरकवला. खाली त्यांनी गणित केलं होतं. नऊच्या जागी पावणेसहा, तर बेचाळीसच्या जागी सत्तावीस. पंधरा माणसं जास्त. मी उभ्याउभ्या तपासलं. गणितात चूक नव्हती.

मी म्हणालो, हा त्यांचा रोजचा वेग नाही. ते म्हणाले, माहीत आहे. मग खुर्चीत मागे रेलून, समजावून सांगावं तसं म्हणाले, "बाहरवाला नापता तो ये लोग हाथ धीरे चलाते. तुम उनके अपने हो. तुम्हारे सामने दौडेंगे, ये मुझे पता था. इसीलिए तो तुमको पढाया."

मला बायकोचा प्रश्न ऐकू आला. दीड वर्ष उशिरा.

त्यांनी दुसरा कागद दिला. एक ते पंधरा आकडे टाकलेले, पुढे रेषा कोऱ्या. कामावरून काढायच्या पंधरा जणांची नावं सोमवारपर्यंत भरून द्यायची. मी सगळ्यांना ओळखतो, कोणाच्या घरी कोण कमावतं ते मला माहीत आहे, तेव्हा अन्याय होणार नाही, असं ते म्हणाले. खरोखर तसं म्हणाले.

शनिवारी वर्गात सादरीकरण होतं. छोटे शेठ छान बोलले. पडद्यावर पावणेसहाचा आकडा मोठा दिसत होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग पद्धत सांगायला मला उभं केलं.

मी सांगितलं, हा वेळ कामाचा नाही. तागा नऊ मिनिटांचा आहे. तीन दिवस बेचाळीस माणसं पाणी न पिता धावली, कारण मी इथे पास व्हावं असं त्यांना वाटत होतं. मी दुरुस्ती केली नाही. हा आकडा खोटा आहे आणि मोजणारा मी आहे.

छोटे शेठ हसत होते, पण ओठांनीच. "भाऊ, बैठ जाओ," ते हळू म्हणाले.

मी बसलो नाही. माझं नाव रिपोर्टवरून काढा, असं मी सरांना सांगितलं. सर म्हणाले, मग तुमचं वर्ष जाईल. मी म्हणालो, जाऊ द्या. बॅग उचलली, माझी एकट्याची, आणि बाहेर आलो.

सोमवारी पंधरा रेषांचा कागद कोरा परत केला आणि सरळ फोल्डिंगला गेलो. सुमनआक्काला सगळं सांगितलं. माझी चूक आधी सांगितली. तिने हातातला तागा पूर्ण बांधला, बाजूला ठेवला. मग म्हणाली, "म्हंजे आम्ही पयनूत ते आमनाच मुळवर?"

मी म्हणालो, हो, तुमचं धावणं तुमच्याच मुळावर आलं. तिने मला माफ केलं नाही. त्या दिवसापासून ती मला भाऊ म्हणत नाही. साहेब म्हणते.

उधन्यातले नोकरी करणारे तरुण अजून विचारायला येतात, असा कोर्स करावा का. मी फी सांगतो, वेळ सांगतो, काय शिकायला मिळतं तेही सांगतो. मग विचारतो, तुमचा प्रोजेक्ट कोण निवडणार? बरेच जण चहा संपवून उठतात.

मशीन आलंय. लाकडी खोक्यांमध्ये आवारात पडलंय. रोज येता-जाता दिसतं. माझं प्लॅनिंगचं टेबल दुसऱ्याकडे गेलं, मला गोडाऊनला बसवलंय. तीन वर्षं सोडून जाता येणार नाही, हा करार मला दाखवून झाला. बेचाळीसही माणसं अजून कामावर आहेत, पण खोकी कधी उघडतील ते कोणी सांगत नाही.

मधल्या काळात मी एक काम केलं. नऊ मिनिटांचा हिशेब, दुरुस्तीसकट, थकव्याच्या वेळेसकट, साध्या मराठीत लिहिला. खाली पूर्ण नाव, हुद्दा, सही. बेचाळीस प्रती काढल्या आणि बेचाळीस घरी स्वतः जाऊन दिल्या. सुमनआक्काच्या घरीही. तिने दारातच घेतली. त्यांना सांगितलंय, यापुढे कोणीही घड्याळ घेऊन आलं तर आपल्या वेगाने हात चालवा. तो मी असलो तरी.

उद्या कामगार कार्यालयात विचारतील, कोर्टात विचारतील, तिथे मी उभा राहीन. माझ्या खोट्या आकड्यासकट सांगेन. नोकरी जाईल, हे मला कळतं. त्या कागदावरची सही मी मागे घेणार नाही.