मामूच्या म्युझियमचा हत्ती

मामूला एकच इतिहास दोनदा सांगता येत नसे. आमच्या गावच्या म्युझियमची इमारत म्हणजे चार भिंती, वर पत्रे आणि पत्र्यांखाली तुळयांच्या जागी रेल्वेचे रूळ. पण मामूनं ती निदान चाळीस वेळा बांधली आणि पस्तीस वेळा जाळली. कागदोपत्री तो तिथला शिपाई. प्रत्यक्षात झाडूवाला, गाइड आणि सकाळी दहा ते संध्याकाळी पाच त्या इमारतीचा जन्मदाता. गाव अमरावती आणि अकोल्याच्या मधलं, आणि इतकं मधलं की एसट्या आम्हाला दुसऱ्याच कुणाचं गाव समजून न थांबता जात. त्यामुळे चुकून कुणी उतरलंच, तर मामू त्याला सुका जाऊ देत नसे.

इतिहास पाहुणा बघून निघायचा. चिखलदऱ्याला निघालेली मंडळी आली की इमारत एका गोऱ्या साहेबाची व्हायची. हा साहेब आमच्या उन्हात इतका वितळला की शेवटी त्याला बादलीत भरून वर डोंगरावर नेलं म्हणे. कौंडण्यपूरच्या जत्रेहून परतणाऱ्या बाया आल्या, की रुक्मिणी पळून जाताना इथं पाणी प्यायला थांबलेली असायची. अकोल्याच्या एका बाईनं एकदा वर बघून विचारलं, "मंग छताले रेल्वेचे रूळ काहून हायेत जी?" मामूनं पापणी हलवली नाही. "बाई, देवाचा रथ होता तो. डांबरी सडकेवर चालवाचा काय?"

त्याचं सर्वांत लाडकं ठिकाण म्हणजे दाराची सागवानी चौकट. तिला खांद्याच्या उंचीवर एक खोबण होती, ओंजळभर खोल आणि लोण्यासारखी गुळगुळीत. येणारा प्रत्येक जण तिला हात लावायचाच. इथं मामू हत्ती आणायचा. निजामाच्या फौजेतला हत्ती म्हणे इथं पाठ खाजवायचा. मी गावच्या शाळेत इतिहास शिकवत होतो, त्यामुळे मला राहवलं नाही. म्हटलं, "मामू, हत्तीची पाठ इतक्या खाली?"

"पिल्लू होतं, मास्तर. तुमी काय मिशीसकट जन्मले होते?"

आता म्युझियममधल्या वस्तूंचं सांगतो. कट्यार, समया, हंडे, पितळेचं घंगाळ, दमणी म्हणजे बसायची हलकी बैलगाडी, सगळं गावकऱ्यांनीच दिलेलं. आणि आमच्या गावात दिलेली वस्तू म्हणजे कायमची दिलेली नसते. घरात लग्न निघालं की माणसं म्युझियममध्ये येत आणि आपल्या आजोबांची कट्यार नवरदेवासाठी घेऊन जात. मामूची एकच अट होती. कपाटात चिठ्ठी ठेवायची आणि वस्तू चिंचेनं घासून आणायची. "पितळ वापरात असलं का हासते," तो म्हणे, "कपाटात ठेवलं का थोबाड काळं करते." ऐन लग्नसराईत आमच्या म्युझियममध्ये फक्त चिठ्ठ्या बघायला मिळत.

अशाच ऐन लग्नसराईत पुण्याहून साहेब आले. उंच, सडपातळ, शर्टाला इस्त्री इतकी कडक की वाऱ्यानं वाजावी. गावात कुजबूज होतीच, की इमारत पाडून तिथं दुकानांची माडी उठणार आणि वस्तू पेट्यांत भरून अमरावतीला जाणार. इमारत ठेवायची की पाडायची, हे या साहेबांच्या अहवालावर होतं. मी नेमका तिथंच होतो. साहेबांनी पहिलं कपाट उघडलं. चिठ्ठी: 'कट्यार. पाटलाच्या नवरदेवापाशी. मंगळवारी येईल.' दुसरं उघडलं. 'घंगाळ. मांडवात.' तिसऱ्यात तर 'समया. उद्या नक्की.'

"हे संग्रहालय आहे की टपालघर?" साहेब म्हणाले. "मी काय बघून लिहू?"

मी मामूकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याला एकही इतिहास सुचत नव्हता. त्यानं टोपी काढली, परत घातली. मग म्हणाला, "साहेब, वस्तू पाहाच्या हायेत ना? त चला."

माझ्या स्कूटरवर मी पुढे, इस्त्री मधे, मामू मागे. पहिल्या मांडवात कट्यार सापडली, टोकाला लिंबू खोचलेली. साहेब चष्मा लावून तिच्यावर वाकले, तर नवरदेवाला वाटलं मुलीकडचे कुणी वडीलधारे आहेत. तो त्यांच्या पाया पडला. दुसऱ्या मांडवात घंगाळ सापडलं, मठ्ठ्यानं काठोकाठ भरलेलं. ते रिकामं झाल्याशिवाय तळाची नक्षी दिसणार नव्हती, म्हणून साहेबांनी पाच पेले मठ्ठा पोटात घातला. तिसऱ्यात समया दिसल्या, पण जेवल्याशिवाय सोडतो कोण? वांग्याची भाजी तिखटजाळ. साहेबांच्या डोळ्यांतून एवढं पाणी आलं की नवरीच्या आईनं त्यांना जवळ घेऊन समजावलं, "आमची पोरगी सुखातच जाऊन राहिली, भाऊ."

पंगतीत दोन म्हातारे साहेबांना दाराच्या खोबणीचा इतिहास सांगायला बसले आणि आपसातच भिडले. एक म्हणे हत्ती, दुसरा म्हणे रुक्मिणीच्या रथाचा आस घासला. साहेब बुंदी हातात धरून म्हणाले, "पण खरं काय आहे?"

सगळी पंगत मामूकडे बघू लागली. मामू उठला आणि हात धुवायला गेला.

परतताना म्युझियमची दमणी मोकळी मिळाली. साहेब आणि मामू वस्तुसंग्रहात बसूनच वस्तुसंग्रहालयाकडे आले, मी स्कूटरवर मागून. दारापाशी मामूनं आपला उजवा खांदा खोबणीला लावला. बरोबर बसला.

"कापसाचं गोदाम होतं, साहेब. हमाल पाठीवर गठाण घेऊन आत येत, अन् इथं खांदा टेकून वळत. दिवसभर. सालोसाल. माहा आजा त्यातलाच. त्याचा फोटो नाई, कुठं नाव नाई. हे एवढंच हाये."

"मग हेच का सांगत नाही लोकांना?"

"हमालाचा खांदा पाहाले बसमधून कोण उतरन? हत्ती म्हटला का उतरते. उतरला का हात लावते." मामूनं चौकटीवरून तळवा फिरवला. "माह्या आज्याच्या खांद्यावर हात ठेवून जाते मानूस. त्याले मालूम नसलं म्हून काय झालं?"

साहेबांनी खांद्याची पिशवी खाली ठेवली. बरेच वाकले, आणि आपला खांदा तिथं लावून पाहिला. इस्त्री मोडली.

अहवालात काय लिहिलं, आम्हाला कळलं नाही. 'सर्व वस्तू सुस्थितीत व वापरात आढळल्या' असं एक वाक्य होतं असं म्हणतात, पण ते मामूकडूनच ऐकलेलं, तेव्हा भरवसा नाही. इमारत मात्र उभी राहिली.

मामू गेल्या उन्हाळ्यात गेला. त्याच्या स्टुलावर कुणीतरी चिठ्ठी ठेवली होती: 'मामू. बाहेर गेला.' कधी येईल ते लिहिलेलं नव्हतं. मी नोकरीतून मोकळा झालो होतो, म्हणून त्या स्टुलावर मी बसतो. इतिहासाचा मास्तर आहे, खरं तेच सांगायचं असं ठरवून बसलो होतो.

परवा अकोल्याची एक एसटी बिघडून थांबली. पाच माणसं सावलीला दाराशी आली. मी घसा साफ केला. "ही इमारत म्हणजे कापसाचं गोदाम..." एकानं जांभई दिली, बाकीचे एसटीकडे वळू लागले.

"हत्ती इथं पाठ खाजवायचा," मी म्हणालो.

पाचही जण वळले. "इतक्या खाली?" त्यातल्या बाईनं विचारलं.

"पिल्लू होतं जी."

मग त्यांनी एकेक करून हात लावला. मी मोजले. पाचही जणांनी लावला.