बाबांचं भलतंच हसू

लकव्यातून बाबा उठले तेव्हा पाय सुधारला, हात सुधारला, पण हसणं-रडणं हाताबाहेर गेलं. कुणी म्हैस मेल्याचं सांगायला आलं की हे खो खो हसत आणि पुढ्यात जिलेबी ठेवली की धाय मोकलून रडत. महाडचे डॉक्टर म्हणाले, "मनात एक असतं, चेहऱ्यावर भलतंच येतं. मेंदूतली शीर दुखावलीय, माणूस शाबूत आहे." हे आमच्या कापडे गावात कोणाकोणाला समजावणार? कुणी म्हणे बाहेरची बाधा, कुणी म्हणे मास्तर माजलेत. माजायला पेन्शन तरी तेवढी हवी, असं मी तोंडावर ऐकवायचे. पण बाबांनीच ते मनाला लावून घेतलं आणि उंबरा ओलांडणं सोडलं. दिवसभर भिंतीकडे तोंड करून बसत. मला ते बघवत नसे.

एक दिवस शेजारचे काका आले. काकी गेल्यापासून ते एकटेच असत. "मास्तर, पत्ते मांडलेत, मेंढीकोटाला चौथा गडी नाय. चला." बाबा हसले. ते नको म्हणत होते, पण काकांनी तो होकार धरला आणि त्यांना आपल्या पडवीत ओढत नेलं.

तिथे मात्र आजारानं कमाल केली. हातात एक हुकूम नसताना बाबा असे हसत की समोरच्यांचं धाबं दणाणे. हातभर हुकूम आले की हुंदके देत. बिचारे समोरचे, जिच्यावर सारा डाव ठरतो ती दश्शी बिनधास्त टाकत आणि बाबा हुकूम मारून ती रडत रडत उचलत. बरं, उलटं धरून खेळावं तर कधी सुलटंच निघे. "ही लबाडी हाय," म्हणत लोक पत्ते आपटत. काका बाबांचे भिडू, ते मिशीत हसत. बाबा रोज जाऊ लागले, तेही दाढी करून.

मग काकांचा मुलगा मुंबईहून आला, त्यांना कायमचं न्यायला. पोलादपूरच्या एसटी स्टँडवर आम्ही पोचवायला गेलो. काका खिडकीत बसले आणि बाबांना हसू फुटलं. असंतसं नाही, पार पोट धरून. गाडीतले लोक माना वळवून बघू लागले. मुलगा तडकला. "आम्ही चाललो म्हणून एवढी खुशी झाली काय, मास्तर?"

मी त्याला चांगलं सुनावणार होते, तेवढ्यात काकांनी त्याचा दंड धरला. "गप रे. रडतायत ते."

कंडक्टरनं डबल बेल दिली तरी बाबा खिडकीचा गज सोडेनात. काकांनी त्यांच्या बोटांवर हात ठेवला. काकांना काही लकवा झाला नव्हता, तरी तेही हसायला लागले.