कात्रणकाका आणि एक कोरा चेहरा

ग्रंथालयाच्या संदर्भ विभागात बसणाऱ्या त्या गृहस्थांना सगळे कात्रणकाका म्हणत. एकतीस वर्षं ते वर्तमानपत्रांतली चित्रपट-परीक्षणं कापून, चिकटवून, त्यांची कार्डं लिहीत आले होते. गंमत म्हणजे चित्रपट त्यांनी फारसे पाहिलेच नव्हते. अंधारात बसलं की पाच मिनिटांत डोळा लागायचा. "पाककृती वाचून ढेकर देणारा माणूस," असं बायको म्हणायची आणि ते हसून मान डोलवायचे.

एका मंगळवारी दुपारी चष्म्याच्या दुकानात काम करणारी एक बाई त्यांच्या टेबलापाशी आली. पन्नाशीची, घाईतली.

"काका, माझ्या आईनं तरुणपणी एका चित्रपटात काम केलं होतं. एकाच. नायिकेच्या धाकट्या बहिणीचं. त्याबद्दल कुणी काही लिहिलंय का, ते बघायचंय."

"लिहिलं असेलच की."

"एक माहीत आहे. आईला पाठ आहे ते. 'धाकट्या बहिणीचा चेहरा भिंतीसारखा कोरा आहे.' एवढं वाचलं आणि बाईसाहेब शिलाई मशीनवर जाऊन बसल्या त्या बसल्याच. आता एक्याऐंशीची आहे, फारसं दिसत नाही. परवा तापात तेच बडबडत होती." तिनं पर्सचा पट्टा उगाच घट्ट केला. "दुसरं काही असेल तर तिला वाचून दाखवावं म्हटलं."

काकांनी खण ओढून पाहिले. आईच्या नावाचं कार्ड नव्हतं. चित्रपटाचंही नव्हतं, तो त्यांच्या नोकरीच्या कितीतरी आधीचा. संगणकावर शोधलं तर निकाल शून्य.

"म्हणजे नाहीच," ती उठायला लागली.

"बसा हो ताई. शून्य म्हणजे इथं नाही. कुठंच नाही, असं ते यंत्र म्हणत नाही, आपण म्हणतो."

मग त्यांनी समजावलं, की परीक्षण लिहिणाऱ्याला शुक्रवारी चित्रपट बघून रविवारी मजकूर द्यायचा असतो, त्याच्या मागे छापखाना लागलेला असतो. समीक्षा लिहिणारा मात्र वीस वर्षांनीसुद्धा त्याच चित्रपटाकडे परत येतो. तेव्हा आधी प्रदर्शनाचा आठवडा शोधायचा, मग पुढची वर्षं.

जाहिरातींवरून तारीख सापडली. वर्तमानपत्रांचे जाडजूड खंड टेबलावर आले, धुळीनं दोघांना शिंका आल्या. पहिलं सापडलं ते तेच परीक्षण. म्हातारीच्या आठवणीत काहीतरी कमीजास्त झालं असेल, अशी काकांना मनातून आशा होती. पण वाक्य जसंच्या तसं होतं. दुसऱ्या एका वर्तमानपत्रात धाकट्या बहिणीचा उल्लेखच नव्हता, तिसऱ्यानं नाव चुकवलं होतं.

बाई दर मंगळवारी अर्धी रजा काढून येऊ लागली. चौथ्या मंगळवारी काकांनी त्या दिग्दर्शकावरचं एक पुस्तक काढलं आणि मजकूर सोडून थेट मागच्या टिपांवर बोट फिरवायला सुरुवात केली. एका टिपेपाशी बोट थांबलं. चित्रपट येऊन बावीस वर्षांनी, एका संशोधन-नियतकालिकात, कुणा प्राध्यापिकेनं त्यातल्या मौनावर लेख लिहिला होता. तो अंक इथं नव्हता. काकांनी दूरच्या एका विद्यापीठाच्या ग्रंथालयाला पत्र पाठवलं. अठरा दिवसांनी लेखाची झेरॉक्स आली.

बाईनं उभ्या उभ्या वाचायला घेतली आणि दोन ओळींत हात टेकले. "काका, हे कळायला आणखी एक चष्मा लागेल. तुम्हीच येता का घरी?"

काका कधी कुणा वाचकाच्या घरी गेले नव्हते. त्या रविवारी मात्र इस्त्रीचा शर्ट घालून गेले.

आई खिडकीजवळच्या खुर्चीत बसली होती, मांडीवर उसवलेली उशीची खोळ. काकांनी घसा खाकरला आणि अवघड शब्द सोडवत सावकाश वाचलं. प्राध्यापिकेनं दोन पानं नुसती एका प्रसंगावर लिहिली होती. थोरली बहीण घर सोडून जाते, धाकटी दाराशी उभी राहून बघते. 'हा चेहरा काहीही सांगायला नकार देतो. म्हणूनच प्रेक्षक त्याच्यावरून नजर हलवू शकत नाही. साऱ्या चित्रपटाचं दुःख या मुलीनं एकटीनं पेललं आहे.'

मग म्हातारी खुदकन हसली.

"दुःख कसलं मेलं! बूट चावत होते मला. दोन नंबर लहान दिले होते. रडू येऊ नये म्हणून तोंड घट्ट धरलं होतं."

"आई!" मुलीनं कपाळाला हात लावला.

"खरं तेच सांगते." ती खोळीची शिवण चाचपू लागली. डोळ्यांतलं पाणी तिनं पुसलं नाही. "काय म्हणाली ती बाई? नजर हलवू शकत नाही? पुन्हा वाचा बघू. भरभर नको."

काकांनी पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदाही वाचलं.

दुसऱ्या दिवशी कामावर जाऊन त्यांनी तिच्या नावाचं कार्ड लिहिलं. त्यावर दोन्ही नोंदी केल्या, जुनं परीक्षण आधी. तसं तिनंच बजावलं होतं.

पुढं महिन्यातून एखादा रविवार काका तिकडे जाऊ लागले, त्या काळातल्या इतर चित्रपटांची परीक्षणं पिशवीत घालून. म्हातारी ऐकायची आणि एकेका लिहिणाऱ्याची बिनपाण्यानं करायची. "याला काय कळतंय अभिनयातलं?" म्हणायची. "हं, पुढचा घ्या."